उकिरड्याचे नव्वद दिवस

१९१७ च्या सुमाराची दिवाळी. इंदूर शहर प्लेगने पोळलेलं. घरात उंदीर मरून पडला की बिऱ्हाड उचलायचं आणि गावाबाहेर झोपडी टाकून राहायचं, हे तेव्हा साऱ्या मुलखाच्या अंगवळणी पडलेलं. अशा शहरात त्या वर्षी एक वेगळीच मिरवणूक निघाली. तिच्यात घाणीच्या राक्षसाचा भलाथोरला पुतळा होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता. आणि त्यांच्यामागून, पांढरेशुभ्र कपडे घालून, गळ्यात फुलांच्या माळा मिरवत शहराचे सफाई कामगार चालत होते. कचऱ्याच्या गाड्या ताज्या रंगवलेल्या होत्या, बैल धुऊन सजवलेले होते. एरवी ज्यांची सावलीही लोक चुकवत, ती माणसं त्या दिवशी शहराच्या मधोमध मानाने चालली आणि दुतर्फा उभ्या राहिलेल्या गर्दीने त्यांना पाहिलं.

या मिरवणुकीचा मार्ग ठरलेला नव्हता. जी आळी सर्वांत स्वच्छ होईल तिच्यातून मिरवणूक जाईल, असं आधीच जाहीर झालं होतं, आणि नगरपालिका कचरा फुकट उचलून नेणार होती. मग काय, घरोघरी चढाओढ लागली. माळ्यांवरची, परसातली, भिंतीआडची पिढ्यान्‌पिढ्यांची अडगळ हजारो गाड्या भरून बाहेर पडली. त्या अडगळीबरोबर उंदरांची बिळंही गेली. मिरवणुकीनंतर राक्षसाचं आणि उंदराचं दहन झालं, घरोघरी लावायला तुळशीची रोपं वाटली गेली. नरकचतुर्दशीला नरकासुर मारणाऱ्या समाजाला नरक म्हणजे नेमकं काय, हे इतक्या उघडपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. पुढे प्लेगचा जोर ओसरला. त्यात ऋतू पालटल्याचाही वाटा होता, हे मान्य करायला हवं. पण शहर स्वच्छ झालं होतं, हेही खरं.

ही कल्पना पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश माणसाची. मूळचा तो जीवशास्त्रज्ञ, थॉमस हक्सलेचा विद्यार्थी. पुढे नगररचनेकडे वळला आणि होळकर दरबाराने त्याला इंदूरचा आराखडा करायला बोलावलं. १९१८ साली त्याचा दोन खंडांचा अहवाल दरबारापुढे आला. त्यात रस्ते, वाडे, नदीकाठ हे सारं आहेच, पण त्याहून मोलाचा आहे तो शहराच्या घाणीविषयीचा विचार. त्या काळचे इंजिनिअर जमिनीखालून मोठमोठे नळ घालून सगळी घाण शहराबाहेर, म्हणजे बहुतेक वेळा नदीत, ढकलून देण्याच्या योजना आखत. गेडीसचा याला विरोध होता. जे मातीतून आलं ते मातीलाच परत गेलं पाहिजे, त्यातून बागा फुलल्या पाहिजेत, गटारावर पैसा ओतण्यापेक्षा तो बागांवर ओतावा, असं तो हिरिरीने मांडत राहिला. पुढे १९१९ मध्ये तो मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये त्याच्या हाताखाली शिकले. इंदुरातला त्याचा अहवाल मात्र बराचसा कागदावरच राहिला, कारण घाण मातीला कशी परत द्यायची याचं शास्त्र तेव्हा कुणाजवळ नव्हतं.

ते शास्त्र त्याच इंदुरात पुढच्या काही वर्षांत आकाराला आलं.

१९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड आणि गॅब्रिएल हॉवर्ड हे दांपत्य इंदूरला आलं. दोघंही वनस्पतिशास्त्रज्ञ. अल्बर्ट श्रॉपशरमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. वेस्ट इंडीजमध्ये उसाच्या रोगांवर काम करताना त्याला एक गोष्ट टोचत राहिली होती: आपण शेतकऱ्याला सल्ला देतो, पण आपण स्वतः कधी पीक घेतलेलं नाही. गॅब्रिएल लग्नाआधीची गॅब्रिएल मॅथाई, केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजची. प्रकाशसंश्लेषणावर एफ. एफ. ब्लॅकमनबरोबर तिने केलेलं काम वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात नोंदलेलं आहे. १९०५ मध्ये मुंबईत त्यांचं लग्न झालं आणि दोघं बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी संशोधन केंद्रात गेली. तिथे एकोणीस वर्षं त्यांनी गव्हाच्या सुधारित जाती काढल्या. ‘पुसा ४’ आणि ‘पुसा १२’ ही नावं उत्तर हिंदुस्थानातले शेतकरी ओळखू लागले होते.

पण पुसात त्यांचा जीव गुदमरत होता. तिथे एका पिकाच्या दुखण्याचे सहा तुकडे करून सहा खात्यांत वाटलेले असत: बुरशीचा माणूस वेगळा, किडीचा वेगळा, मातीच्या रसायनाचा वेगळा. हॉवर्डना एकच सबंध पीक, त्याच्या पायाखालची माती आणि ते खाणारं जनावर एकत्र पाहायचं होतं. पुसात त्यांना स्वतःच्या बैलजोड्या मिळाल्या, तेव्हा शेजारच्या शिवारात लाळ-खुरकूत आलेली असताना त्यांचे बैल कुंपणावरून आजारी जनावरांना नाकं घासत उभे राहिले, आणि तरी त्यांना लागण झाली नाही, असं अल्बर्टने नोंदवून ठेवलं आहे. चांगल्या मातीतला चारा खाणाऱ्या जनावराला रोगाची भीती कमी, हा त्याचा निष्कर्ष. एवढ्याशा निरीक्षणावर इतका मोठा निष्कर्ष उभारणं आजच्या शास्त्राला पटणार नाही. पण या विचारानेच त्यांना खताकडे नेलं, आणि खतावरचं त्यांचं काम मात्र मोजमापाने पक्कं होतं.

इंदूरला त्यांना हवं तसं मोकळं रान मिळालं. इंडियन सेंट्रल कॉटन कमिटी आणि मध्य भारतातल्या संस्थानांनी पैसा उभा केला, होळकर दरबाराने ३०० एकर जमीन दिली आणि ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री’ उभी राहिली. त्या दिवसांत इंदूरचं नाव देशभर गाजत होतं ते मात्र निराळ्याच कारणाने. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला याचा खून झाला, त्या खुनाचे धागे होळकर दरबारापर्यंत पोहोचले आणि १९२६ मध्ये तुकोजीराव महाराजांनी गादी सोडली. वर्तमानपत्रांचे रकाने त्या खटल्याने भरून वाहत असताना शहराच्या कडेला काळ्या जमिनीत खड्डे खणले जात होते, त्यांची बातमी कुणी केली नाही.

कॉटन कमिटीला कापूस वाढवून हवा होता. त्यासाठी सुधारित बियाणं काढावं, अशी सर्वांची अपेक्षा. हॉवर्ड दांपत्याने उलट सांगितलं: बियाणं कितीही चांगलं आणा, मातीचं पोट रिकामं असेल तर ते काय करणार? माळव्याची काळी माती म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्याच्या काळीची सख्खी बहीण. पावसाळ्यात चिखल होऊन गुदमरते, उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडतात. तिला हवा खेळती ठेवणारं, भुसभुशीत करणारं कुजलेलं खत लागतं. आणि खत होतं कुठे? शेणाच्या गोवऱ्या थापून चुलीत जायच्या. मूत गोठ्याच्या जमिनीत मुरून वाया जायचं. पऱ्हाट्या, तुराट्या जळणाला किंवा बांधावर जाळायला. उरलंसुरलं उकिरड्यावर, जिथे ऊन-पाऊस खात ते वर्षभर पडून राहायचं, माश्या पोसायचं आणि सत्त्व हरवून बसायचं.

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, अशी आपली म्हण आहे. इंदूरच्या प्रयोगाने तिला नव्वद दिवसांवर आणलं.

त्यांच्यासमोर एक आदर्श होता. अमेरिकन मृदाशास्त्रज्ञ एफ. एच. किंग १९०९ मध्ये चीन, कोरिया, जपान फिरून आला होता. हजारो वर्षं तीच जमीन कसूनही तिथली शेती थकली नाही, कारण तिथे पालापाचोळ्यापासून माणसाच्या मैल्यापर्यंत काहीही फुकट जात नाही, हे त्याच्या पुस्तकाने दाखवलं होतं. पण चीनमधली पद्धत अनुभवातून आलेली होती. तिच्यात कुजण्याचं नेमकं काय घडतं, किती हवा लागते, किती पाणी, नत्र कुठे निसटतो, हे कुणी मोजलेलं नव्हतं. इंदुरात ते मोजायचं काम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेवर आलं आणि ती प्रयोगशाळा सांभाळत होते यशवंत डी. वाड.

हे आडनाव मराठी वाचकाच्या ओळखीचं. नाव मात्र ओळखीचं नाही, आणि ही खरोखर खंत वाटावी अशी गोष्ट आहे. ‘इंदूर पद्धत’ म्हटलं की जगभर सर अल्बर्ट हॉवर्डचं नाव घेतलं जातं. पण १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने शेतीतल्या टाकाऊ मालावरचं जे मूळ पुस्तक काढलं, त्याच्या मुखपृष्ठावर दोन नावं आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड.

पद्धत कशी होती ती जवळून पाहण्यासारखी आहे.

काम गोठ्यापासून सुरू होई. गोठ्याची जमीन फरशीची नव्हती, मुद्दाम मातीची ठेवलेली. बैलांच्या मुताने ती माती भिजत राही, ठरावीक काळाने ती खणून काढत आणि नवी माती भरत. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा भाग मुतातच असतो, त्यामुळे ही खणलेली माती म्हणजे सोनंच. बैलांच्या पायाखाली रोज पालापाचोळा, धसकटं, भुईमुगाची टरफलं, उसाचं पाचट अंथरत. रात्रभर ते तुडवलं जाई, शेणामुताने माखे, आणि सकाळी गोळा होई. पऱ्हाट्या आणि तुराट्या फार चिवट. त्या तशाच खड्ड्यात टाकल्या तर वर्षभर कुजायच्या नाहीत. म्हणून त्या आधी रस्त्यावर पसरत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी आणि बैलांच्या खुरांनी त्यांचा पार चुरा झाला की मग त्या अंथरणात जात. यंत्र नाही, खर्च नाही, रहदारीच दळण दळत होती.

मग खड्डे. असे तेहतीस खड्डे ओळीने खणलेले, प्रत्येक ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि फक्त २ फूट खोल, कडा उतरत्या. खोली कमी का, यातच सगळं मर्म आहे. कुजवणारे जीव हवेवर जगतात, आणि दोन फुटांच्या खाली हवा पुरेशी पोहोचत नाही. तिथे मग ते कुजत नाही, सडतं आणि दुर्गंधी सुटते. बांबूंना गोणपाट ठोकून केलेल्या डोलीतून दोन माणसं गोठ्यातलं अंथरण आणून खड्ड्यात पसरत. त्यावर शेण, लाकडाची राख आणि मूतमाती पाण्यात कालवून केलेला काला शिंपडत. राखेने आंबटपणा मरतो. शेजारच्या अर्धवट मुरलेल्या खड्ड्यातलं थोडं खतही त्यात घालत, म्हणजे दही लावताना विरजण घालतात तसं. थर तुडवायचा नाही, पाय देऊन दाबायचा नाही, हा कडक नियम. पुन्हा थर, पुन्हा काला, वर पाणी.

दोन-तीन दिवसांत खड्डा तापू लागे. वाडांच्या नोंदींत आतलं तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास गेलेलं दिसतं. हात घालवणार नाही इतकी ऊब. पंधरवड्याने पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. दर वेळी वरचं खाली, बाहेरचं आत, आणि लागेल तसं पाणी. आधी पांढरी बुरशी चढे, ती काष्ठ फोडून काढी, नंतर जिवाणू उरलेलं काम करत. सुरुवातीला कर्ब आणि नत्राचं प्रमाण ३३ ला १ असे, शेवटी ते १० ला १ वर येई. हे गुणोत्तर जमलं नाही तर खत जमिनीत गेल्यावर उलट पिकाचाच नत्र खेचून घेतं. शेतकरी ‘कच्चं खत पिकाला मारतं’ म्हणतो, त्यामागचं कारण वाडांनी आकड्यांत दाखवलं. नव्वद दिवसांनी खड्ड्यातून निघे ती काळीभोर, चुरचुरीत, पहिल्या पावसासारखा वास येणारी माती. पऱ्हाटी कुठे, शेण कुठे, ओळखू येत नसे. एका बैलजोडीमागे वर्षाला सुमारे पन्नास गाड्या खत पडे.

मजुरांविषयीही सांगायला हवं, कारण पलटी मारणारे हात तेच होते. हॉवर्डनी तिथे कामाचे तास सहावर आणले, मजुरी ठरल्या दिवशी द्यायची शिस्त घातली, राहण्याची सोय पाहिली, आणि कमी तासांत काम जास्त होतं असं ठामपणे लिहून ठेवलं. शेतीसंशोधनाच्या अहवालात मजुराचा विचार करण्याची चाल तेव्हा नव्हती. आजही ती फारशी रुजलेली दिसत नाही.

गॅब्रिएलला पुस्तक पाहायला मिळालं नाही. १९३० च्या ऑगस्टमध्ये ती गेली. पंचवीस वर्षं दोघांनी प्रत्येक प्रयोग एकत्र केला होता, शोधनिबंधांवर दोघांची नावं असत. १९३१ मध्ये अल्बर्ट हिंदुस्थान सोडून गेला. पुढे त्याने लिहिलेला १९४० चा प्रसिद्ध ग्रंथ त्याने गॅब्रिएलच्या स्मृतीला अर्पण केला आहे. सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून त्याचं नाव झालं ते या ग्रंथामुळे. जननी कोण, हे मात्र अर्पणपत्रिकेपुरतं राहिलं.

इथवरची गोष्ट शेतातल्या कचऱ्याची. शहराच्या कचऱ्याची गोष्ट हॉवर्ड गेल्यानंतर सुरू होते, आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. संस्थेत हॉवर्डच्या जागी एफ. के. जॅक्सन आले. जॅक्सन आणि वाड यांनी प्रश्न वेगळा विचारला: पऱ्हाटी आणि शेण यांच्या जागी शहरातला झाडलोटीचा केर आणि माणसाचा मैला घातला तर?

तेव्हाच्या हिंदुस्थानातल्या कुठल्याही शहराचं चित्र डोळ्यांपुढे आणावं. टोपल्यांचे संडास, पहाटे मैला उपसून डोक्यावरून नेणारी माणसं, शहराबाहेर चर खणून त्यात तो पुरायचा किंवा नुसता उघड्यावर ओतायचा. शेजारी केरकचऱ्याचे ढीग जळत, धुमसत. तिथून माश्या, माश्यांतून पटकी आणि हगवण, पावसात वाहून तेच विहिरीत. शहराला एका हाताने रोग मिळत होता आणि दुसऱ्या हाताने खत जात होतं. मराठीत माणसाच्या मैल्याच्या खताला ‘सोनखत’ म्हणतात. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांना त्याची किंमत नक्की कळली होती. पण ते सोनं ज्यांच्या डोक्यावरून वाहिलं गेलं, त्यांच्या वाट्याला समाजाने फक्त विटाळ दिला.

जॅक्सन-वाड यांचं उत्तर साधं होतं. केर हे कर्बाचं कोठार, मैला हे नत्राचं. दोन्ही वेगवेगळे टाकले तर दोन संकटं, थराथराने एकत्र रचले तर एक खत. हवा मिळाली, पाणी बेताचं राहिलं, पलटी वेळेवर झाली, की तेच ६० अंशांच्या पुढचं तापमान चढतं, आणि त्या उष्णतेत माशीची अंडी-अळ्या मरतात, जंतांची अंडी आणि रोगजंतू टिकत नाहीत. दुर्गंधी काही दिवसांत जाते. शेतीशास्त्राचा शोध इथे आरोग्यशास्त्राचा शोध झाला, म्हणूनच १९३४ मध्ये वस्तीतल्या टाकाऊ पदार्थांवरचं हे काम वैद्यकातल्या लोकांपुढेही आलं.

१९३५ च्या एप्रिलमध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून इंदूरला आले. भाषेच्या त्या मेळाव्यातून वेळ काढून ते ही संस्था पाहायला गेले, खताचे खड्डे पाहिले. त्यांना याचं अप्रूप वाटावं यात नवल नाही. त्याच काळात वर्ध्याला मगनवाडीत मुक्काम असताना ते आणि त्यांचे सहकारी जवळच्या सिंदी गावात रोज सकाळी बादल्या-फावडी घेऊन रस्त्यावरचा मैला उचलत होते. मीराबेन तिथे राहून काम करत होत्या, महादेवभाई देसाईही बादली उचलत. उचललेल्याचं करायचं काय, याचं शास्त्रीय उत्तर इंदुरात तयार होतं. त्या वर्षीच्या ‘हरिजन’मधून इंदूर पद्धतीची माहिती खेडोपाडीच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचली.

तिथून ती झपाट्याने पसरली. आसाम आणि सिलोनचे चहामळे, केनियातले कॉफीमळे यांनी ती उचलली. कलकत्त्याच्या टॉलीगंजमध्ये ई. एफ. वॉटसन यांनी शहराच्या कचऱ्यासाठी विटांचे खड्डे बांधले आणि तळाशी हवा खेळावी, पाणी निथळावं म्हणून मोकळ्या नाल्या ठेवल्या. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ च्या सुमारास पलटी टाळणारी वेगळी वाट काढली. थर रचायचे, मातीने लिंपून टाकायचे आणि सहा-आठ महिने हात लावायचा नाही. वेळ जास्त लागे, पण मैल्याला पुन्हा हात लावायला नको, हा त्यात माणसाच्या बाजूने मोठा फायदा होता. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बॅल्फर यांनी १९४३ मध्ये या विचारावर पुस्तक लिहिलं, १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन उभी राहिली. अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी १९४२ मध्ये सेंद्रिय शेतीचं मासिक काढलं. जागतिक आरोग्य संघटनेने १९५६ साली कचऱ्याच्या कंपोस्टवर हॅरॉल्ड गोटास यांचा ग्रंथ काढला, त्यात इंदूरच्या पद्धतीला मानाचं पान आहे. एका होळकरी शहराचं नाव असं जगाच्या पाठ्यपुस्तकात जाऊन बसलं.

आणि मग आपणच ते विसरलो.

कारणं शोधायला लांब जावं लागत नाही. १९५१ मध्ये सिंद्रीचा खतकारखाना सुरू झाला. पोत्यातून पांढरं खत मिळू लागलं, ते वाहायला सोपं, टाकायला सोपं, आणि पिकावर त्याचा रंग आठवड्यात दिसे. कंपोस्टला दहा गाड्या वाहाव्या लागत. वाढत्या लोकसंख्येला धान्य पुरवायचं होतं, त्यामुळे रासायनिक खतांना नुसता दोष देऊन भागत नाही. हॉवर्डने त्यांना सरसकट विष ठरवलं तेही अतिरेकी होतं. दुसरं कारण जास्त बोचरं आहे. पलटी मारण्याचं काम कुणी करायचं? पद्धत शास्त्रीय झाली तरी फावडं जातीनेच ठरलेल्या हातात राहिलं. ज्या कामाला प्रतिष्ठा नाही ते काम शिकलेली पिढी का करील? तिसरं कारण प्लास्टिकचं. जॅक्सन-वाडांच्या काळचा केर म्हणजे पाला, राख, धूळ, गवत. तो कुजायचा. १९८० नंतरचा शहरी केर कुजेनासा झाला आणि नगरपालिकांनी सोपा मार्ग धरला: गावाबाहेर नेऊन टाका. इंदूरचं देवगुराडिया, मुंबईचं देवनार, पुण्याची उरुळी देवाची. नावांत देव आणि वस्तीत डोंगर, कचऱ्याचे.

शहरं विसरली तरी काही माणसं विसरली नाहीत. कोकणात आप्पासाहेब पटवर्धन मैला उपसण्याच्या कामाला आयुष्यभर भिडले. १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. मैल्याला हात न लावता त्याचं खत व्हावं, असा ‘सोपा संडास’ त्यांनी प्रचारात आणला. उपसणाऱ्या माणसाची सुटका हा त्यांचा पहिला हेतू होता, खत हा दुसरा. या क्रमाला फार अर्थ आहे. आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी पलटीचाच प्रश्न सोडवला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच विटांचं टाकं, आणि भिंतीत मुद्दाम सोडलेली भोकं. शेण थोडं, काडीकचरा आणि माती भरपूर, एकदा भरून लिंपलं की हवा भोकांतून आत जाते आणि तीन-चार महिन्यांत खत तयार, पलटी नाही. टॉलीगंजच्या विटांच्या नाल्यांनी जे साधलं, ते पुसदच्या टाक्याने शेतकऱ्याच्या परसात साधलं. पांढरीपांडे यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला ‘नाडेप’ म्हणतात. आपल्याकडे शेताच्या बांधावर असं भोकाभोकांचं टाकं दिसलं, तर तो इंदूरच्या खड्ड्याचा नातू आहे, हे ओळखावं.

इंदूरने मात्र स्वतःचा वारसा उशिरा का होईना परत मिळवला. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर देशात पहिलं येत राहिलं, २०२३ मध्ये सातव्यांदा, त्या वेळी सुरतेच्या जोडीने. हे झालं ते रस्ते झाडून नव्हे. घराच्या दारातच ओला आणि सुका कचरा वेगळा घेणाऱ्या गाड्या रोज फिरू लागल्या, आणि घरातल्या माणसांनी तो वेगळा द्यायची सवय लावून घेतली, म्हणून झालं. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी देवगुराडियात, जिथे कचऱ्याचा डोंगर होता तिथेच, ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा कारखाना सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घेण्याची त्याची क्षमता आहे, त्यातून १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत मिळावं, अशी त्याची आखणी. शहराच्या बसगाड्या या गॅसवर धावतात. इथे हवा न लागू देता कुजवतात, म्हणजे हॉवर्ड-वाड यांच्या नेमकं उलट. पण आत जाणारा माल निव्वळ कुजणारा असला पाहिजे, ही अट तीच आहे, आणि शेवटी निघणारं खत मातीलाच जातं, हेही तेच.

संस्थेच्या त्या जागेवर पुढे कृषी महाविद्यालय उभं राहिलं. इंदूरला जाणारा मराठी माणूस राजवाडा पाहतो, रात्री सराफ्यात खातो. त्याने एक सकाळ या महाविद्यालयाच्या शेतांसाठीही ठेवावी. आणि घरच्या कुंडीत, सोसायटीच्या टाक्यात किंवा शेताच्या बांधावर कंपोस्ट रचताना मुलांनी विचारलं, हे कुणी शोधलं, तर एक नाव सांगू नये. अल्बर्ट हॉवर्ड सांगावं, गॅब्रिएल हॉवर्ड सांगावं आणि यशवंत वाडही सांगावं.